घोडीचा चारा बदलताना: घास हळूहळू, गवत मोजून



थंडी सरत आली की आपल्या मासिक बैठकीत एक विषय ठरलेला असतो. गंजीतलं गवत किती उरलं? घासाची कापणी कितवी चालू आहे? नवा कडबा आत्ता घ्यायचा की थांबायचं? गाई-म्हशींबद्दल आपण हे नेहमी बोलतो. या वेळचा पाठ मात्र घोडीबद्दल आहे.

तुमच्यातल्या काही जणी म्हणतील, "आमच्या दारात कुठं घोडी आहे?" पण मावळात आणि खेडमध्ये यात्रेच्या घाटात बैलगाड्यापुढे पळणारी घोडी ज्यांच्या घरी आहे, अशा ताया आपल्या गटांमध्ये आहेत. घोडी पळवतो घरातला मुलगा, पण सकाळ-संध्याकाळ तिच्यापुढे चारा टाकते कोण? आपणच. आणि ज्यांच्याकडे घोडी नाही, त्यांच्यातल्या कितीतरी जणींच्या बांधावरचा घास आणि डोंगरातलं गवत शहरातल्या लग्नाच्या घोड्यांना जातं. म्हणजे पाळणारीला आणि विकणारीला, दोघींना हे माहीत हवं.

मला हे माहीत नव्हतं, आणि त्यामुळे एक घोडी मरता मरता वाचली. म्हणून आधी माझी चूक सांगते.

खडकीत काय झालं

मी खडकीत राहते. सकाळी खडकी स्टेशनवरून लोणावळ्याची लोकल पकडते आणि तुमच्याकडे येते. आमच्या गल्लीच्या टोकाला एका काकूंकडे नवरदेवाच्या वरातीची पांढरी घोडी आहे. घर त्याच घोडीवर चालतं. थंडीभर ती वाळलेलं डोंगरी गवत खाते आणि संध्याकाळी थोडा भिजवलेला हरभरा.

मागच्या वर्षी फेब्रुवारीत आपल्या एका गटाचा घास भरपूर निघाला होता आणि गावात गिऱ्हाईक नव्हतं. मला वाटलं, गटाला बाजार मिळेल आणि काकूंचा खर्चही वाचेल. मी काकूंना म्हटलं, "काकू, महागाचं वाळकं गवत कशाला घालता? ताजा हिरवागार घास देते, तोच घाला." काकूंनी विश्वास ठेवला. दुसऱ्या दिवसापासून गवत बंद, आणि घोडीपुढे दिवसाला दोन भारे घास.

तिसऱ्या रात्री काकूंनी माझं दार वाजवलं. घोडी खाली बसत होती, उठत होती, पुन्हा लोळत होती. वळून वळून स्वतःच्या पोटाकडे बघत होती. अंगाला घाम सुटला होता. संध्याकाळपासून लीद टाकली नव्हती. डॉक्टर आले, वेदना कमी करायचं इंजेक्शन दिलं, नाकातून नळी घालून पोटातला वायू काढला. पहाटे चारला तिनं लीद टाकली तेव्हा काकू भिंतीला टेकून रडायला लागल्या. घोडी वाचली. पण पुढचे आठ दिवस तिला कामावर नेता आलं नाही. लग्नसराईतल्या तीन सुपाऱ्या गेल्या.

डॉक्टरांनी मला एकच प्रश्न विचारला, "चारा कधी बदलला?" मी म्हटलं, "परवा." ते म्हणाले, "घास चांगलाच आहे. पण परवा नाही बदलायचा, पंधरा दिवसांत बदलायचा."

तेव्हा आपल्या गटाच्या घासात काही खोट नव्हती. चूक माझ्या घाईची होती. खाली जे लिहिलं आहे ते त्या रात्रीनंतर मी डॉक्टरांना विचारून, काकूंच्या घोडीवर रोज बघून आणि तुमच्यातल्या जुन्या जाणत्या तायांशी बोलून गोळा केलं आहे.

गाईचं पोट वेगळं, घोडीचं वेगळं

आपल्याला गाय-म्हैस माहीत असते, म्हणून आपण घोडीलाही तोच नियम लावतो. तिथंच फसतो.

गाय चारा गिळते, मग निवांत बसून रवंथ करते. तिचं कोठीपोट मोठं असतं आणि चारा तिथंच आधी कुजतो, पचतो. घोडी रवंथ करत नाही. तिचं पोट, म्हणजे जठर, तिच्या देहाच्या मानानं लहान, जेमतेम एका बादलीएवढं. म्हणून तिला दिवसभर थोडं थोडं खायला लागतं. गवतातला चोथा पचतो तो पुढे, मोठ्या आतड्यात. तिथं डोळ्यांना न दिसणारे कोट्यवधी सूक्ष्म जीव असतात. दह्याच्या विरजणात असतात ना, तसे. चारा पचवायचं काम तेच करतात.

आता हे जीव ज्या चाऱ्याला सरावलेले असतात, तोच त्यांना नीट जमतो. थंडीभर वाळलेलं गवत खाल्लं की वाळलं गवत पचवणारे जीव वाढतात. एकदम कोवळा, रसाळ घास आला की ते गोंधळतात. काही मरतात, दुसरे भराभर वाढतात, आतड्यात वायू आणि आंबटपणा धरतो. नवं विरजण तयार व्हायला दहा ते पंधरा दिवस लागतात. तेवढा वेळ द्यायचा, बस्स. सगळा पाठ या एका वाक्यात आहे.

आणखी एक गोष्ट. घोड्याला उलटी करता येत नाही. माणसाला अपचन झालं तर ओकून मोकळं होता येतं, घोडीला ती सोय नाही. चुकीचं गेलं ते पुढेच जाणार. म्हणून घोड्याची साधी वाटणारी पोटदुखीही जिवावर बेतते. डॉक्टर तिला पोटशूळ म्हणतात.

आपल्याकडे वसंत म्हणजे काय

थंड देशांत हिवाळाभर घोडी वाळलेल्या गवतावर काढते आणि वसंत आला की बर्फ वितळून माळावर कोवळं गवत उगवतं. तिथले लोक तेव्हा घोडीला चरायला सोडताना पहिल्या दिवशी थोडाच वेळ सोडतात, रोज वेळ वाढवतात आणि वाळलं गवत बेताबेतानं कमी करतात.

आपल्याकडे उलटं. दसरा-दिवाळीनंतर डोंगरातलं गवत कापून आपण गंजी लावतो. होळीपर्यंत डोंगर पिवळा पडलेला असतो. पण पाण्याखालचा लसूण घास मात्र तेव्हाच जोरात असतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरात पेरलेल्या घासाची पहिली कापणी दोनेक महिन्यांनी येते आणि मग दर २५ ते ३० दिवसांनी. म्हणजे फेब्रुवारी-मार्चमध्ये घास मुबलक. त्याच सुमारास रब्बी ज्वारीची काढणी होऊन नवा कडबा येतो आणि हरभऱ्याचा भुसाही. तीन-तीन नवे चारे एकाच महिन्यात दारात येतात. मोह होतो. आणि खरं नवं गवत उगवतं ते जून-जुलैत, पाऊस पडल्यावर. म्हणजे आपल्या घोडीला पोटशूळाचा धोका वर्षातून दोनदा: एकदा होळीच्या आसपास, एकदा पहिल्या पावसानंतर.

आधी घोडीचं वजन काढा

अंदाजानं "एक पेंढी, दोन पेंढ्या" घालू नका. पेंढी कुणाच्या हातची मोठी, कुणाच्या हातची लहान. वजनाचा हिशेब करा. त्याला मोठा काटा लागत नाही, शिवणाची टेप पुरते.

१. छातीचा घेर: पुढच्या पायांच्या लगेच मागून टेप फिरवा, वर मान संपते तिथल्या पाठीच्या उंचवट्यावरून घ्या. सेंटीमीटरमध्ये लिहा.

२. लांबी: खांद्याच्या पुढच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या मागच्या टोकापर्यंत.

३. घेर गुणिले घेर गुणिले लांबी. जे येईल त्याला ११,८७७ ने भागा. उत्तर किलोमध्ये.

उदाहरण घेऊ. घेर १५०, लांबी १५५. म्हणजे १५० × १५० × १५५ = ३४,८७,५००. भागिले ११,८७७, उत्तर सुमारे २९४ किलो. आपण ३०० धरू. शिवणाची टेप १५० सेंटीमीटरलाच संपते, तेव्हा घोडी मोठी असेल तर आधी सुतळीनं माप घ्या आणि मग सुतळी टेपवर मोजा. मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर हिशेब मुलीकडून करून घ्या, तिचाही सराव होईल.

रोज किती?

साधा नियम: घोडीच्या दर १०० किलो वजनामागे रोज साधारण २ किलो कोरडा चारा. कोरडा म्हणजे पाणी वजा करून. ३०० किलोच्या घोडीला ६ किलो. वाळलेल्या गवतातही थोडं पाणी असतंच, म्हणून प्रत्यक्ष काट्यावर सुमारे ७ किलो गवत. काम जास्त असेल, पोटात शिंगरू असेल किंवा अंगावर पाजत असेल तर याहून जास्त लागतं; ते डॉक्टरांना विचारून ठरवा.

थंडीत रात्री गोठा उघडा असेल आणि घोडी किडकिडीत असेल तर अर्धा-एक किलो गवत जास्त घाला. गवताचा चोथा पचताना अंगात ऊब तयार होते, म्हणून थंडीत दाण्यापेक्षा गवत वाढवणं चांगलं. ऊन वाढायला लागलं की हा जादा वाटा काढून घ्या, पण एकदम नाही.

हिरव्या घासात मात्र बहुतेक पाणीच. पाच किलो घासात कोरडा चारा जेमतेम एक किलो. म्हणून हे समीकरण पाठ करा: १ किलो वाळलं गवत म्हणजे सुमारे ४ किलो हिरवा घास. अर्धा किलो गवत कमी केलं तर दोन किलो घास वाढवायचा.

पंधरा दिवसांचा बदल

३०० किलोच्या, हलकं काम असलेल्या घोडीसाठी हा तक्ता. कापून गोठ्याच्या खांबाला लावा.

दिवस १ ते ३: वाळलं गवत साडेसहा किलो, घास २ किलो.
दिवस ४ ते ६: गवत ६ किलो, घास ४ किलो.
दिवस ७ ते ९: गवत साडेपाच किलो, घास ६ किलो.
दिवस १० ते १२: गवत ५ किलो, घास ८ किलो.
दिवस १३ ते १५: तेवढंच ठेवा आणि लीद बघा.

इथं थांबायचं. घास फुकट मिळाला तरी गवत पूर्ण बंद करायचं नाही. घास पौष्टिक आहे, त्यात प्रथिनं भरपूर. पण घोडीला तासन्‌तास चघळायला चोथा लागतो. तो कमी पडला की ती गव्हाण कुरतडते, लाकूड चावते, पोट बिघडतं.

रोज टाकताना आधी गवत, अर्ध्या तासानं घास. उपाशीपोटी घासाचा भारा पुढे टाकला तर ती बकाबका खाते. दिवसाचा चारा तीन-चार वेळांत वाटा. ऊन वाढलं की सर्वात मोठा वाटा रात्री आणि पहाटे द्या, दुपारी थोडंच. वरातीला किंवा घाटात न्यायच्या आधी दोन तास पोटभर चारा-दाणा नको.

कडबा सुरू करायचा असेल तर तोही असाच हळूहळू, कुट्टी करून. आणि दोन्ही बदल एकदम नाही. आधी घास बसू द्या, मग कडबा.

लीद वाचायला शिका

डॉक्टर रोज येणार नाहीत, पण लीद रोज दिसते. चांगली लीद म्हणजे गोळे पडतात आणि जमिनीवर आपटून थोडे फुटतात. शेणासारखी पातळ पडली तर घास वाढवू नका, तीन दिवस मागच्या पायरीवर जा. गोळे कडक, कोरडे किंवा वर चिकट पडदा असेल तर पाणी कमी पडतंय.

पाण्याचं बघा. वाळक्या गवतावर असलेल्या घोडीला पाणी जास्त लागतं. थंडीत १५ ते २० लिटर पुरतं, उन्हाळ्यात कामाच्या दिवशी ३० लिटर किंवा त्याहून जास्त. थंडीत पाणी गार असलं की घोडी कमी पिते, आणि मग लीद अडकते. ऊन वाढलं की घामातून मीठ जातं, म्हणून रोज एक मोठा चमचा साधं मीठ किंवा चाटायला मिठाची वीट ठेवा.

आठवड्यातून एकदा बरगड्यांवर हात फिरवा. बरगड्या हाताला लागाव्यात, पण डोळ्यांना दिसू नयेत. दिसायला लागल्या तर चारा कमी, हाताला लागतच नसतील तर जास्त.

हे घालू नका

बुरशी धरलेलं, काळं पडलेलं, कुबट वासाचं गवत. गाय कदाचित पचवेल, घोडी नाही. नुसती धूळ असेल तर झटकून, दहा मिनिटं पाण्यात बुडवून घाला.

उशिरा कापलेलं कुसळी गवत. कुसळं हिरड्यांत, जिभेखाली रुततात. घोडी खाता खाता चारा सांडत असेल, लाळ गाळत असेल तर तोंड उघडून बघा.

ढिगात तापलेला घास. भारा बांधून रात्रभर ठेवला की आतून गरम होतो. घास कापल्यावर सावलीत पसरून दोन-तीन तास सुकवा, मग घाला.

काढलेल्या ज्वारीच्या खोडव्याला आलेले कोवळे फुटवे. त्यात विष असतं. गावात "किराळ लागली" म्हणतात ते हेच.

गाईचं पशुखाद्य. काही पशुखाद्यात मोनेन्सिन नावाचं औषध असतं. गाईला ते चालतं, घोड्याला जीवघेणं ठरतं. आपल्याकडे एकाच गोठ्यात गाय आणि घोडी असतात, तेव्हा बादल्या वेगळ्या ठेवा.

आणि हरभऱ्याच्या खळ्यावर मोकळी घोडी. पोटभर दाणा खाल्ला तर पोटशूळ तर होतोच, शिवाय खुरांच्या आत सूज येऊन घोडी कायमची लंगडी होऊ शकते. खूर गरम लागले, पुढचे पाय पुढे टाकून घोडी मागे रेलून उभी राहिली तर त्याच दिवशी डॉक्टर.

पोटशूळ वाटला तर

पोटाकडे वळून बघणं, पुढच्या पायानं जमीन उकरणं, वरचेवर खाली बसणं, लोळणं, घाम, चारा न खाणं, लीद न टाकणं. यातली दोन लक्षणं दिसली की चारा काढून घ्या आणि डॉक्टरांना फोन करा. सरकारी फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा नंबर १९६२ आहे, फोनला पैसे पडत नाहीत. डॉक्टर येईपर्यंत हळूहळू चालवा, पण दमेपर्यंत नाही. बाटलीनं तोंडात तेल, ताक, काढा ओतू नका. फुप्फुसात गेलं तर त्यानंच घोडी जाईल. लीद शेवटची कधी टाकली आणि चारा कधी बदलला, हे दोन वेळा लिहून ठेवा. डॉक्टर तेच आधी विचारणार.

गंजी मोजा

आता हिशेबाची दुसरी बाजू. तक्त्याप्रमाणे रोज ५ किलो गवत लागलं तर १ मार्च ते १५ जुलै, म्हणजे पावसाचं गवत खायलायक होईपर्यंत, १३७ दिवस. १३७ × ५ = ६८५ किलो. थोडं सांडतं, थोडं खराब होतं, म्हणून ७५० किलो धरा. घास मिळत नसेल आणि सगळं गवतावरच काढायचं असेल तर १३७ × ७ = ९५९, म्हणजे सांडलवंड धरून साडेदहा क्विंटल.

गंजीतल्या दहा पेंढ्या लटकवायच्या काट्यावर तोला, दहानं भागा, एका पेंढीचं सरासरी वजन मिळेल. मग पेंढ्या मोजा. कमी पडतंय हे मार्चमध्ये कळलं तर कडबा काढणीच्या वेळी स्वस्त असताना घेता येतो. मे महिन्यात कळलं तर कर्ज काढून घ्यावा लागतो. गटातून जनावराच्या चाऱ्यासाठी मे-जूनमध्ये किती कर्जं उचलली जातात, तुमचं रजिस्टर उघडून बघा.

हा हिशेब काही नवा नाही. १६७० च्या दशकात शिवाजी महाराजांनी चिपळूणजवळ मुक्कामाला असलेल्या आपल्या घोडदळाच्या अधिकाऱ्यांना पावसाळ्याच्या तोंडावर एक पत्र लिहिलं होतं. ते पत्र बरंचसं चाऱ्याबद्दलच आहे. साठवलेलं दाणा-गवत आत्ताच बेफिकिरीनं उधळलंत तर भर पावसात काही उरणार नाही, घोडी उपाशी मरतील आणि ती तुम्हीच मारल्यासारखी होतील, असं त्यांनी बजावलं. आणि मग तुम्ही कुणब्यांच्या घरात शिरून कुणाचा दाणा, कुणाचं गवत, कुणाची भाजी उचलाल, तर लोक तुम्हाला मोगलांपेक्षा वाईट समजतील, हेही. गंजीजवळ चूल, तंबाखू, उघडा दिवा नको, उंदीर जळती वात ओढून नेतो आणि सगळी गंजी पेटते, इतकं बारीक त्यांनी लिहिलं. एवढा मोठा राजा गवताच्या गंजीचा हिशेब करतो, मग आपण का लाजायचं? आपल्या गंजीजवळही मुलं शेकोटी करतात, ते आज बघा.

घास विकणाऱ्या तायांसाठी

भारा मोजून विका, हातानं अंदाज नको. गिऱ्हाईकाला घोडी असेल तर पहिल्या पंधरा दिवसांचा तक्ता सोबत द्या. पहिल्या दिवशीच दोन भारे मागितले तरी एकच लहान भारा द्या आणि कारण सांगा. आज कमी विकलं जाईल, पण गिऱ्हाईक वर्षभर टिकेल.

घास उरत असेल तर फुलं नुकती लागायला लागल्यावर कापा, सावलीत वाळवा आणि ठेवा. चार किलो हिरव्याचा एक किलो वाळलेला होतो. म्हणून वाळलेल्याचा भाव हिरव्याच्या चौपटीपेक्षा कमी लावला तर मेहनत फुकट गेली, हे विसरू नका.

काकू आता आपल्याच गटाकडून घास घेतात. या वर्षी पहिल्या दिवशी त्यांनी दोनच किलो मागवला आणि मला फोनवर म्हणाल्या, "तुझ्या पाठाप्रमाणे चाललंय बाई, तू मध्ये बोलू नकोस." मला बरं वाटलं.

पुढच्या बैठकीत करा

१. एका ताईच्या घोडीचं (नसेल तर गाईचं, सरावासाठी) टेपनं माप घ्या आणि सगळ्यांनी मिळून हिशेब करा. गाईसाठी नियम वेगळे आहेत, पण मोजायची सवय एकच.

२. प्रत्येकीनं आपल्या गंजीतल्या पेंढ्या मोजून येणे. १५ जुलैपर्यंत कुणाला कमी पडणार, याची यादी सचिवांनी करावी.

३. ज्यांना कमी पडणार त्यांच्यासाठी एकत्र कडबा आणायचा का, गाडीभाडं वाटून घ्यायचं का, यावर चर्चा.

४. जनावरांच्या डॉक्टरांचा आणि १९६२ हा नंबर प्रत्येक गोठ्याच्या खांबावर खडूनं लिहिणे.

आणि ताई, कुणी हुशार कार्यकर्ती येऊन म्हणाली की "हे बंद करा, उद्यापासून ते सुरू करा," तर तिला आधी विचारा, "किती दिवसांत?" ती मी असले तरी विचारा.

तुमची,
क्षेत्र समन्वयक